मासो बहिरो नाय

लालबाग-परळच्या माणसाला मासा कळतो तो मेल्यावर. त्याआधी तो कुठं राहायचा, काय खायचा, कोणाच्या वाटेला जायचा नाही, याची चौकशी इथं कोणी करत नाही. मेल्यावर मात्र आमच्याइतके जाणकार आम्हीच. कल्ला उचलून आतला रंग बघायचा, पोटावर बोट दाबून खड्डा राहतो का ते पाहायचं, भाव ऐकून घरात कोणी गेल्यासारखा चेहरा करायचा आणि मागून आलेली हाक ऐकू येईल इतक्याच वेगानं पुढं चालू लागायचं, एवढं शिक्षण आमच्याकडे बालवाडीच्या आधी पुरं होतं. दादरकर हेच जरा शुद्ध बोलून करतात. गिरगावकर करतो तेव्हा दर वाक्यात 'पूर्वी' येतं आणि त्याच्या आजोबांनी सरंगा कितीला घेतला होता, तेही कोळणीला ऐकून घ्यावं लागतं.

२०२३ साली सरकारनं पापलेटला राज्यमासा जाहीर केलं. आमच्या चाळीत त्यावर एकच प्रतिक्रिया उमटली, "म्हणजे आता आणखी महागणार." पापलेट सहसा गरीला लागत नाही, जाळ्यातच येतं, बोंबील समुद्रात लावलेल्या डोल जाळ्यात भरती-ओहोटीच्या ओढीनं येऊन पडतो, असल्या माहितीशी आमचं देणंघेणं नाही. बोंबलाची आणि आमची ओळख तो रव्यात घोळल्यानंतरची.

आणि हे कुठं, तर लालबागमध्ये. पेरू चाळीचा बाजार बंद पडल्यावर हक्काची जागा मिळावी म्हणून जिथं कोळ्यांनी आणि विक्रेत्यांनी नवस केला, जागा मिळाल्यावर १९३४ साली गणपती बसवला, तिथं. आज त्या राजाच्या रांगेत अख्खी मुंबई उभी असते. सुरुवातीला मूर्तीला कोळ्याचा वेश केला होता, असं सांगितलं की रांगेतला माणूस "हो का?" म्हणतो आणि पुन्हा चपला कुठं ठेवल्या ते बघू लागतो.

तर अशा या मासेखाऊ वस्तीत मी माझ्या साडेतीन वर्षांच्या नातवाला गरी टाकायला शिकवायचं ठरवलं.

निमित्त झालं एका खेळण्याचं. सेलवर गोल फिरणारं निळं तळं, त्यात तोंडं उघडमीट करणारे प्लास्टिकचे मासे आणि टोकाला लोहचुंबक लावलेली वीतभर काठी. नातू त्यात इतका तरबेज झाला की मासे पाण्यात घालायला आम्ही माणसं कमी पडू लागलो. तो राहतो लोअर परळला. ज्या गिरणीत माझ्या वडिलांनी साचे चालवले, तिच्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या टॉवरच्या सव्विसाव्या मजल्यावर. तिथल्या खिडकीतून समुद्र दिसतो. तो दाखवून मी त्याला म्हटलं, "खरे मासे तिथं असतात." त्यानं समुद्राकडं बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "बटण कुठंय?"

समुद्राचं बटण चंद्रावर असतं, हे साडेतीन वर्षांच्या माणसाला कसं सांगणार? त्यापेक्षा घेऊन जाणं सोपं, असं मला त्या वेळी वाटलं.

आमच्या लहानपणी मासेमारीचा श्रीगणेशा गटारात व्हायचा. मलेरियाच्या डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून महानगरपालिका विहिरी-टाक्यांत गप्पी मासे सोडते. ते तिथून निसटून गटारांत यायचे आणि आमच्यासाठीच आल्यासारखे तिथं थांबायचे. दोघांनी रुमालाची चार टोकं धरायची, तिसऱ्यानं पाय आपटून मासे हाकलायचे. रुमाल वर आला की गप्पी बोर्नव्हिटाच्या बाटलीत. बाटली खिडकीत. दुसऱ्या दिवशी बाटली धुऊन परत फळीवर, आणि गप्पींचं काय झालं ते आईला विचारायचं नाही. घरात चहाच्या गाळणीचा वास बदलला की कोणाचा मुलगा मच्छीमार झालाय ते सगळ्या मजल्याला कळायचं.

माझ्या वडिलांची गोष्ट वेगळी. ते मालवणकडचे. खाडीकाठी वाढलेला माणूस गिरणीत आला म्हणून त्याच्या हातातली गरी सुटत नाही. काठी, रीळ वगैरे थाट नव्हता. लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळलेला तंगूस, शिशाचा एक मणी, गरी आणि कागदात बांधलेली शिळी कोलंबी. साप्ताहिक सुट्टीला ते वरळीला गरवायला जात आणि मला सोबत नेत. त्यांची शिकवणी एका वाक्याची होती. "गप बस. मासो बहिरो नाय." पुढचे दोन-तीन तास दुसरं वाक्य यायचं नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यांना रोजच सुट्टी मिळाली. ते रोज गेले. येताना कधी शिंगाळी असायची, कधी बोय, बरेचदा नुसताच ओला तंगूस. त्यात कुटुंब जेवणार नव्हतं. पण चाळीच्या जिन्यात बसून 'काय कळलं का?' असं एकमेकांना विचारत राहण्यापेक्षा ते बरं होतं. त्या काळात चाळीतलं कोणी त्यांना रिकामटेकडा म्हटलं नाही. म्हणायला कामावर जाणारा माणूस चाळीत उरला नव्हता.

एरवी म्हणतात. मुंबईत गरी टाकून बसलेला माणूस म्हणजे संशयित. मासे हवेत तर बाजार आहे, बसायचं तर घर आहे, समुद्र बघायचा तर भेळ घेऊन बघावा. हा दोरी धरून कशाची वाट बघतोय? दुसरीकडे, साडेतीन वर्षांच्या माणसाकडं गरवायला लागणारं सगळं भांडवल जन्मापासून असतं. वेळ अमाप, घड्याळ कळत नाही, घरी जायची इच्छा नसते, आणि घडलेली गोष्ट चारपट करून सांगायला लाज वाटत नाही. म्हणजे त्याला शिकवण्यासारखं फारसं काही नाही. खरी अडचण त्याच्याबरोबर येणाऱ्यांची आहे, हे पुढं ओघानं येईलच.

राजेलोकांना ही अडचण नव्हती. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला. (कल्याणी म्हणजे बीदरकडचं बसवकल्याण, कल्याण जंक्शनला उतरून राजवाडा शोधू नये.) राजानं मन कसं रमवावं हे सांगताना त्यानं 'मत्स्यविनोद' हा स्वतंत्र भाग लिहिला आहे. कोणते मासे, कोणाला कोणतं खाद्य चालतं, काठी कशी असावी, दोर कसा असावा, सगळं तपशीलवार. आयझॅक वॉल्टन या इंग्रजाचा गळाच्या मासेमारीवरचा जगप्रसिद्ध ग्रंथ आला १६५३ साली, म्हणजे आमच्या राजानंतर पाचशे वर्षांनी. पण मूल सोबत असताना, मासा ओढ घेत असताना, त्याच क्षणी मुलाला शू लागली तर दोर कोणाकडे द्यावा, हा प्रश्न घेऊन मी यांच्याकडे जाणार नाही. राजाला आणि वॉल्टनला सोबत विहीणबाई नेण्याचा प्रसंग आला नव्हता.

घरी विषय काढला तेव्हा प्रत्येकानं आपापल्या परीनं मदत केली. जावयानं मोबाइल काढला आणि कार्बन फायबरचा, नळीत नळी जाऊन मिटणारा, पूर्ण उघडला तर दिवाणखान्यातून स्वयंपाकघरापर्यंत पोचणारा रॉड मागवायचं ठरवलं. मुलीनं सांगितलं, "बाबा, न्या, पण हुक नको." मी म्हटलं, गरीशिवाय गरवायचं कसं? ती म्हणाली, "त्याला मासा बघायचाय, मारायचा नाहीये. आणि ते टोक त्याच्या डोळ्यात गेलं म्हणजे?" हा मुद्दा बिनतोड होता. जियांग झिया नावाच्या चिनी म्हाताऱ्याची एक दंतकथा आहे. तो सरळ, न वाकवलेला गळ टाकून नदीकाठी बसायचा. ज्याला यायचं तो आपल्या मर्जीनं येईल, असं त्याचं म्हणणं. शेवटी मासा नाही आला, राजा आला आणि म्हाताऱ्याला मोठ्या हुद्द्यावर घेऊन गेला. मुलीला ही गोष्ट सांगितली. तिनं ती पुराव्यादाखल स्वीकारली.

आमची ही मात्र कोलंबीवर अडली. "ताजी कोलंबी? समुद्रात टाकायला?" मी म्हटलं, आमिष लागतं. तिनं हिशेब मांडला. चांगली कोलंबी विकत घ्यायची, ती माशाला घालायची आणि बदल्यात मिळणार काय, तर काट्यांची शिंगाळी. ज्या घरात कोलंबीच्या डोक्यांचंही कालवण होतं, त्या घरात हा व्यवहार बसेना. कणकेच्या गोळ्यावर तडजोड झाली. तोही उरलेल्या कणकेचा.

मग मुहूर्त. वडिलांनी मला शिकवलेलं एकमेव गणित इथं कामाला आलं. तिथीला पाऊणनं गुणलं की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. दिवसाही आणि रात्रीही, थोडं मागंपुढं. पाणी चढत असताना मासा काठाला येतो, म्हणून त्याआधी तास-दीड तास जाऊन बसायचं. नातू सकाळी सातला उठतो, आठला त्याचं दूध-नाश्ता आटोपतो आणि अकराच्या पुढं तो कोणाचा राहत नाही. म्हणजे भरती नऊ ते साडेदहाच्या दरम्यान हवी. कालनिर्णय भिंतीवरून खाली काढलं. त्रयोदशीला पावणेदहा, उत्तम. पण त्रयोदशी म्हणजे प्रदोष, आणि आमची ही प्रदोष करते. "शंकराच्या दिवशी मासे मारायला नातवाला नेणार?" मारणार नाही, कणीक घालणार आहे, हा युक्तिवाद टिकला नाही. चतुर्दशी, साडेदहा. तर वद्य चतुर्दशीला शिवरात्र, पुन्हा शंकरच. एकादशीचं तर नावच काढायला नको. उरली द्वादशी. ती सोमवारी, गुरुवारी, शनिवारी नको. घरात त्या दिवशी माशाचं नावही निघत नाही. मंगळवार-बुधवार-शुक्रवार नातवाचा प्लेग्रुप. श्रावण नको. गणपती नकोत. पितृपक्षात चालेल का, यावर दोन मतं पडली. जून-जुलैतली मासेमारी बंदी यांत्रिक होड्यांना असते, आजोबांना नाही. पण त्या दिवसांत समुद्रच आजोबांना उभं करत नाही. रविवारी पडणारी, पावसाळ्याबाहेरची, कोणाचाही उपास नसलेली आणि नातवाचं नाक वाहत नसलेली द्वादशी हवी होती. शोधून शोधून ती दिवाळीनंतर सापडली.

जागेचा वाद त्यामानानं लवकर मिटला. गिरगाव चौपाटी विहीणबाईंच्या घराजवळ. पण २०१३ च्या गणपतीत तिथं विसर्जनाला पाण्यात उतरलेल्या कित्येकांना पाकटांनी डंख केले होते आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये निळ्या जेलीफिशनी. मासेमारीचा अर्थ मासा माणसाला धरतो असा नातवानं सुरुवातीलाच करून घ्यायला नको. मरीन ड्राइव्हचे सिमेंटचे चौपायी ठोकळे धट्ट्याकट्ट्या माणसाच्याही जिवावर उठतात. बाणगंगेवर गरी काढली तर पितर कदाचित माफ करतील, वाळकेश्वरचे रहिवासी करणार नाहीत. पवईच्या तलावावर हौशी मासेमारांची जुनी संघटना आहे, शिस्त आहे, पण तलावात मगरी आहेत. त्या संघटनेच्या सभासद नसल्यामुळे शिस्त पाळत नाहीत. "तारापोरवाला मत्स्यालय?" विहीणबाईंनी सुचवलं. १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते उघडलेलं ते मत्स्यालय, मुंबईतल्या किती पिढ्यांनी पहिला जिवंत मासा तिथल्या काचेआड पाहिला असेल. तेही बंद पडलंय. शेवटी वडिलांचीच वरळी. कोळीवाड्याच्या अंगाला, किल्ल्याच्या बाजूला, समोर सी लिंक.

त्या रविवारी एका मुलाला पाणी दाखवायला सहा मोठी माणसं निघाली. मी, आमची ही, मुलगी, जावई, आणि गिरगावहून खास आलेले व्याही-विहीणबाई. व्याही शुद्ध शाकाहारी. "आम्ही फक्त समुद्र बघायला आलोय हं," असं त्यांनी टॅक्सीतून उतरताना जाहीर केलं. "आमच्यात आजवर कोणी मासे मारले नाहीत." मी म्हटलं, "याच्या काठीला गळच नाही, तेव्हा तुमची परंपरा अबाधित आहे." नातवाची पिशवी माझ्या वडिलांच्या गावी जायच्या ट्रंकेपेक्षा जड होती. दोन टोप्या, तीन कपड्यांचे जोड, डायपर, ओले कागद, सनस्क्रीन, डासांचं मलम, डबा, दुसरा डबा, तोंडी लावायला तिसरा. जावयाचा रॉड होता. तो उघडल्यावर एकाच वेळी दोन रस्त्यांवरची रहदारी थांबेल असं दिसल्यामुळे परत मिटला. मी आपला बांबूची हातभर काठी, तंगूस, बाटलीचं बूच आणि कणीक घेऊन आलो होतो.

धक्क्यावर एक म्हातारा कोळी जाळं दुरुस्त करत बसला होता. त्यानं आमचा काफिला पाहिला, काठी पाहिली, गुलाबी टोपीतला नातू पाहिला.

"पोराला धंद्याला लावताव काय?"

मी म्हटलं, "नाही हो, हौस."

त्यानं मान हलवली आणि पुन्हा जाळ्यात डोकं घातलं. त्यात राग नव्हता. याच कोळीवाड्यातल्या लोकांना आपल्या होड्या सुखरूप बाहेर पडाव्यात म्हणून कोस्टल रोडच्या पुलाखाली दोन खांबांतलं अंतर ६० मीटरचं १२० मीटर करून घ्यायला महिनोन्‌महिने भांडावं लागलं. त्यांच्यासमोर समुद्रात कणीक टाकायला आलेल्या सहा माणसांना हौस हाच शब्द बरा होता.

नातवाला मी मांडीत घेऊन बसलो, एक हात त्याच्या कमरेभोवती. हा हात शेवटपर्यंत काढायचा नसतो. बाकी सगळे नियम मोडले तरी चालतात. कणकेचा गोळा तंगुसाच्या गाठीवर नीट दाबून बसवला. तो त्यानंच बसवला खरं तर, आणि त्यातला थोडा खाल्ला. काठी त्याच्या हातात दिली. बूच पाण्यावर डुलायला लागलं. मी त्याच्या कानात वडिलांचं वाक्य सांगितलं. त्यानं ते ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून पाहिलं आणि गप्प बसला.

गप्प म्हणजे खरोखरच गप्प. ज्या मुलाला जेवताना मोबाइल, केस कापताना मोबाइल आणि मोबाइल बदलताना दुसरा मोबाइल लागतो, तो बुचाकडे डोळे लावून बसला. अडचण मागच्या बाजूला होती. "अरे, त्याला ऊन लागतंय." "काठी खाली धर म्हणावं." "फोटोत त्याचं तोंड येत नाहीये, बाबा तुम्ही जरा वाका." "थोडा उपमा भरवू का?" "इकडं वास येतो नाही?" "कोळीवाडा आहे, वास येणारच." "आमच्या गिरगावात पूर्वी यायचा नाही." जावई हवेचा वेग मोबाइलवर बघून मोठ्यानं वाचून दाखवत होता.

इतक्यात बूच हललं. एकदा, मग सरळ आत. सहाही जण एकदम ओरडले, "हलला!"

बूच वर आलं. तंगुसाच्या टोकाला कणीक नव्हती. नातू मागे वळला. त्यानं आपल्या आई-वडिलांकडं, दोन्ही आज्यांकडं आणि एका आजोबांकडं आळीपाळीनं पाहिलं आणि फुप्फुसात होती-नव्हती तेवढी हवा गोळा करून, वरळीच्या किल्ल्यावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मासो बहिरो नाय!"

इंग्रजी माध्यमाच्या प्लेग्रुपमध्ये जाणाऱ्या मुलाच्या तोंडून अस्सल मालवणी ऐकून विहीणबाईंना धक्का बसला. जाळं विणणारा म्हातारा मात्र पहिल्यांदा हसला.

त्या ओरडण्याचा दुसरा परिणाम असा की माणसं जमली. मुंबईत तुम्ही रस्त्यात वर बघत उभे राहिलात तर दहा माणसं वर बघतात, पाण्यात बघत बसलात तर पन्नास येतात आणि पहिला प्रश्न असतो, "कोण पडलं?" कोणी पडलेलं नाही म्हटल्यावर लोकांची थोडी निराशा झाली, पण ते गेले नाहीत. "कितना मिला?" "इकडे नाय लागत, तिकडं खडकात टाका." "आमच्या गावाला जिताडा मिळतो, एवढा." "बच्चे को पकड के रखो, अंकल." हे सांगणारा स्वतः कठड्यावर उभा होता. एका गृहस्थानं काठीला गळ नाही हे शोधून काढलं आणि ती बातमी गर्दीत मागपर्यंत गेली. माझ्या वयाबद्दल आणि मानसिक स्थितीबद्दल काही कुजबुज झाली. आमच्या हिनं वळून "तुम्हाला काय करायचंय?" असं लालबागच्या स्वरात विचारल्यावर मग गर्दी पांगली.

शेजारच्या खडकावर एक गृहस्थ हातदोरीनं गरवत बसले होते. या सगळ्या गोंधळात ते काही बोलले नाहीत, की वळलेही नाहीत. त्यांना एक शिंगाळी लागली, बोटाएवढीच असेल. त्यांनी ती फडक्यात धरून नातवाला लांबून दाखवली. लांबून, कारण शिंगाळीच्या पाठीवरचा आणि कल्ल्यांशेजारचे काटे लागले तर हात दिवसभर ठणकतो. नातवानं मासा पाहिला. माशानं मिश्या हलवल्या. "हा आजोबा आहे?" नातवानं विचारलं. ते गृहस्थ म्हणाले, "नाही बाळा, हा तुझ्याएवढा," आणि त्यांनी ती पाण्यात सोडून दिली. विहीणबाईंनी निःश्वास टाकला. आमच्या हिनंही टाकला, पण तो वेगळ्या कारणासाठी होता. जावयानं लगेच माहिती पुरवली, की लहान मासे पकडू नयेत म्हणून सरकारनं बऱ्याच जातींना किमान लांबी ठरवून दिली आहे. मला तो नियम फार शहाणपणाचा वाटतो. मासे पकडणाऱ्यांसाठी तसा काही नियम नाही, म्हणून आम्ही वाचलो.

अकरा वाजता नातू, ठरल्याप्रमाणे, कोणाचाच राहिला नाही.

घरी पोचेपर्यंत मासा वाढायला लागला. टॅक्सीत तो नातवाच्या हाताएवढा होता. लिफ्टमध्ये लिफ्टमनला सांगताना लिफ्टएवढा झाला. मंगळवारी प्लेग्रुपच्या बाईंनी मुलीला बोलावून घेतलं आणि विचारलं, आजोबांना मिश्या असलेल्या माशानं पाण्यात ओढलं हे खरं का, आणि ते आता बरे आहेत ना. मुलगी काळजीत पडली, खोटं बोलायला लागलाय म्हणून. मी तिला समजावलं, की तो खोटं बोलत नाहीये, गरवायला लागलाय. माझे वडील रिकाम्या हातानं आले तरी सुटलेल्या माशाचं वजन अर्ध्या किलोच्या खाली कधी सांगत नसत.

पुढची द्वादशी येईपर्यंत थांबायची नातवाची तयारी नव्हती. त्याच्या टॉवरच्या तळमजल्यावर शोभेचं तळं आहे, त्यात रंगीत मासे आहेत. एके संध्याकाळी तो आपली बांबूची काठी आणि पोळीचा तुकडा घेऊन तिथं जाऊन बसला. मी मागं बाकावर. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी सातव्या मजल्यावरची मुलगी येऊन बसली, तिच्याजवळ पट्टीला बांधलेली लोकर. आठवड्याभरात काठाला ओळीनं पोरं. कोणाजवळ चमचा, कोणाजवळ सेल्फी स्टिक. आणि कोणी बोलत नाही. कोणी मोठ्यानं बोललंच तर चार-पाच बोटं ओठांवर जातात आणि वेगवेगळ्या भाषांच्या उच्चारांत तेच मालवणी वाक्य ऐकू येतं. गुजराती पोर त्यातला 'नाय' विशेष गोड म्हणतं. एक आई माझ्याजवळ येऊन हळूच विचारून गेली, "अंकल, तुम्ही वीकेंड बॅच घेता का? फी काय?" आपला मुलगा पाऊण तास एका जागी बसला, हे ती नवऱ्याला व्हिडिओ कॉल करून दाखवत होती.

मग नोटीस लागली. तळ्यातले मासे पोळी खाऊन सुस्तावले असून पोहत नाहीत, त्यामुळे तळ्याची शोभा कमी झाली आहे; तसेच बाहेरील व्यक्ती आवारात मासेमारीचे प्रशिक्षण देत असल्याचे निदर्शनास आले आहे. या विषयावर सभासदांची विशेष सभा रविवारी दुपारी साडेतीन वाजता क्लब हाउसमध्ये बोलावली असून संबंधितांनी उपस्थित राहून खुलासा करावा.

मी कालनिर्णय बघितलं. त्या रविवारी पंचमी आहे. पावणेचारला भरती. येता येणार नाही असं कमिटीला लेखी कळवलं आहे, माझ्यातर्फे आणि नातवातर्फेही.